मोहोर कुणाच्या नावाची

सकाळी एल्डर कॉलविन, आमच्या पंथातले एक धर्माधिकारी, धापा टाकत आमच्या दारात आले. उंबऱ्यावरूनच म्हणाले, "ओरिनभाऊ, थर्झाताई, आज दुपारी मंदिरात या, तुमचा नंबर लागलाय," आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या घराकडे पळाले. एवढे भारदस्त गृहस्थ, पण सुटलेल्या कोंबडीमागे धावावं तसे बर्फावरून धावत होते. त्या जानेवारीत नॉवू शहरात कुणी चालतच नव्हतं.

माझ्या हातात बिस्किटांच्या कणकेचा गोळा होता, तो मी तसाच ताटात टाकला. इतके दिवस मी रोज एल्डर लोकांच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, आणि आता नंबर लागल्यावर मला कुठंतरी पळून जावंसं वाटायला लागलं.

अख्खं शहर उठून निघालं होतं. आसपासच्या गावकऱ्यांनी आमची शेतं जाळली होती. आमचा पंथ स्थापणाऱ्या प्रेषितांना तर त्याआधीच तुरुंगात गोळ्या घातल्या होत्या. गवत उगवलं की पश्चिमेला चालते व्हा, असं आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. म्हणून घराघरात गाड्या जोडल्या जात होत्या. ओरिन, माझा नवरा, चाकं करायचा. ओलं लाकूड वाळवायला वेळ नव्हता, तेव्हा तो ते मिठाच्या पाण्यात उकळायचा, आणि आमची बसायची खोली, चुलीवरची हंडी, माझे केस, सगळ्याला त्या उकळलेल्या ओकच्या लाकडाचा वास यायचा. दुसरं कुठलं गाव असतं तर रडारड झाली असती. आमच्याकडे लग्नघरासारखी धांदल होती. आणि ते लग्नघरच होतं म्हणा, कारण निघायच्या आत जो तो मंदिरात जाऊन आपलं लग्न पक्कं करून घेत होता.

साधं लग्न मरणापाशी संपतं. तसं तर पाद्री स्वतःच्या तोंडानं सांगतो. पण मंदिरात, ज्याला अधिकार आहे अशा माणसासमोर, नवराबायकोनं वेदीपाशी गुडघे टेकले आणि त्या लग्नावर मोहोर बसली, की ते मेल्यावरही टिकतं. नवरा, बायको, पोरंबाळं, सगळी वरतीही एका घरात. मंदिर आमचं एकच होतं, आणि तेच मागं टाकून आम्ही निघालो होतो. पुढचं कधी बांधून होईल कुणाला माहीत. म्हणून ही पळापळ.

ही शिकवण पहिल्यांदा कानोकानी आली तेव्हा ओरिन ओक्साबोक्शी रडला होता. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. त्याची पहिली बायको मर्सी मिसुरीतून आमच्या लोकांना हाकललं त्या थंडीत वाटेतच गेली. ती पुन्हा भेटेल, आणि नुसती भेटणार नाही तर बायको म्हणून भेटेल, हे ऐकून तो गडी भर रस्त्यात मटकन खाली बसला. मग लोकांना प्रश्न पडायला लागले. विधुरानं दुसरी केली असेल तर वर गेल्यावर तो कुणाचा? उत्तर आलं, दोघींचा. आणि वर दोन चालतात म्हटल्यावर खाली का नको, हे मनात यायला कितीसा वेळ लागतो? बड्या बड्या मंडळींच्या घरात हळूच दुसरी, तिसरी यायला लागली. बायका विहिरीवर कुजबुजायच्या, पुरुष आपल्या बुटांकडे बघायचे. हे सगळं असंच सुरू झालं असा माझा दावा नाही. मला दिसलं ते असं दिसलं.

आता माझं दुखणं सांगते. पुरुषाला दोघी चालतात. बाईला एकच. आणि माझेही दोन होते.

माझा पहिला नवरा ईनॉक. समुद्रापलीकडे प्रेस्टनच्या गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर काम करायचा, दिवसभर गाणी म्हणायचा, मुकादमाच्या नकला करायचा. आम्ही दोघांनी एकाच दिवशी नदीत बाप्तिस्मा घेतला आणि त्याच्या आईला घेऊन जहाजात बसलो. इथं नदीकाठच्या दलदलीत पहिल्याच उन्हाळ्यात तापानं त्याला नेलं. त्याची आई टॅबिथा आणि मी, दोघीच उरलो. पुढं मी ओरिनशी लग्न केलं तेव्हा अट घातली होती, सासूबाई माझ्यासोबत येणार. ओरिन म्हणाला, "खोली एकच आहे, पण उबदार आहे." त्याचं प्रेमाचं बोलणं इतकंच. तेव्हापासून सासूबाई आमच्याकडे. ओरिन त्यांचा नेमका कोण, हे कुणालाच सांगता यायचं नाही. सुनेचा नवरा म्हणजे मुलगा, आणि हा तर मुलगा नव्हे. त्या त्याला "बाबा रे" म्हणायच्या आणि भाजीत मीठ कमी पडलं की त्याच्यावरच खेकसायच्या.

एल्डर गेले तशा सासूबाई हात पुसत आल्या. डोळे चमकत होते.

"थर्झा, आज ईनॉकचं होऊन जाऊ दे गं."

"आई, जरा दम खाऊ द्या मला."

"दम कसला खातेस? तीन मिनिटांचं काम. विधवा बाई पहिल्या नवऱ्याच्या नावानं मोहोर लावते, सगळ्याच लावतात. ओरिन उभा राहील त्याच्या जागी. काय रे बाबा, राहशील ना?"

मेलेला माणूस वेदीपाशी येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या जागी जिवंत माणूस गुडघे टेकतो, त्याच्या नावानं 'हो' म्हणतो. बहुतेक वेळा तो विधवेचा दुसरा नवराच असतो. म्हणजे आपल्या बायकोचा हात हातात घ्यायचा, आणि ती दुसऱ्याची आहे असं देवासमोर कबूल करायचं.

ओरिननं चाकावरून मानही वर केली नाही. "राहीन," तो म्हणाला.

"बघ. गुणी आहे हो."

"आणि हे पोटातलं?" मी विचारलं. "हे कुणाचं?"

"ईनॉकचंच धरतात ते. तसा नियमच आहे," सासूबाई म्हणाल्या. म्हणता म्हणता त्यांना इतका आनंद झाला की माझ्या पोटावर त्यांनी ओलाच हात ठेवला. "माझा नातू."

मी ओरिनकडे बघत राहिले. याचं रक्ताचं पोर दुसऱ्याच्या घरात जातंय, याची बायको जातीये, आणि हा चाकाचे आरे ठोकत बसलाय. मला असा संताप आला की मी परात उचलून टेबलावर आपटली. "तुम्हाला काही वाटतं की नाही?"

"मला मर्सी आहे," तो सावकाश म्हणाला. "ईनॉकला कुणी नाही. हिशेबानं तेच बरोबर आहे."

"हिशेब चाकांचा करा. माणसांचा नका करू."

त्यानं पुढचा आरा उचलला. या माणसाशी भांडायचं म्हणजे गवताच्या गंजीवर बुक्क्या मारायच्या. मला ईनॉक आवडत नव्हता असं मुळीच नाही. ईनॉकवर माझा जीव होता, अजूनही त्याचं गाणं कुणी म्हटलं की मी उठून बाहेर जाते. पण ज्यानं तीन हिवाळे माझे पाय आपल्या पोटाशी धरून गरम केले तो ओरिन होता, आणि त्यानं एकदा तरी "तू माझी हो" असं म्हणावं एवढंच मला हवं होतं. ते तो म्हणेना. मला वाटायला लागलं, याला मर्सीच पुरेशी आहे, मी आपली चूल पेटती ठेवायला.

दुपारी आम्ही तिघं टेकडी चढून गेलो. मी रागात असले तरी खोटं कशाला बोलू, वर चढताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. पांढऱ्या दगडाचं आमचं मंदिर उन्हात चमकत होतं, खाली नदी गोठलेली, आणि रस्त्यात जो भेटेल तो विचारत होता, "आज का? आज का?" जिन्यावर ही गर्दी. कुणी लेकरांना पाव भरवतंय, कुणी हळूच गातंय, एक म्हातारा आजोबा तर नव्या नवरदेवासारखे भांग पाडून बसलेले आणि त्यांची म्हातारी त्यांची कॉलर नीट करतीये. वरच्या मजल्यावर कापडाचे पडदे लावून खोल्या केल्या होत्या. गालिचे, आरसे, शेगड्या, सगळं लोकांनी आपापल्या घरून आणून दिलेलं. एका आरशाकडे बोट दाखवून सासूबाई म्हणाल्या, "हा त्या लोहाराच्या बायकोचा. घरी कुणाला तोंड बघू देत नाही कधी." आम्ही पांढरे कपडे घातले. आमचे आधीचे विधी मागच्या आठवड्यात झाले होते, राहिली होती ती फक्त मोहोर.

वेदी म्हणजे गादी लावलेला एक बुटका चौरंग. एल्डर कॉलविन पांढऱ्या कपड्यांत उभे होते, सकाळचे धापा टाकणारे हेच का, असं वाटावं इतके शांत. पडद्यापाशी दोन साक्षीदार बसले होते, आणि सासूबाईंना बाकावर जागा मिळाली होती.

"आधी मर्सीचं," एल्डर म्हणाले. "थर्झाताई, तुम्ही मर्सीच्या जागी."

ते मला ठाऊक होतं. सवतीच्या जागी सवतीनंच बसायचं. मी ओरिनसमोर गुडघे टेकले. मधे वेदी, वेदीवर आमचे हात. त्याचे हात मिठाच्या पाण्यानं फुटले होते. भांडण झालं होतं तरी सकाळी त्यांना चरबी चोळायला मी विसरले नव्हते. एल्डरांनी मर्सीचं नाव घेतलं. मी तिच्या वतीनं हो म्हटलं. ओरिननं हो म्हटलं. तो माझ्याकडे बघत होता पण मला बघत नव्हता. काळ आणि अनंतकाळासाठी, एल्डर म्हणाले, आणि ओरिनच्या गालावरून पाणी खाली आलं. मला वाटलं होतं मी जळून खाक होईन. तसं झालं नाही. वाईट वाटलं ते याचं की एवढं पाणी माझ्यासाठी या माणसाच्या डोळ्यांत कधी येईल का.

"आता तुमचं," एल्डर म्हणाले. "टॅबिथाबाईंनी मला दारातच सांगितलं. ओरिनभाऊ, तुम्ही दिवंगत ईनॉकच्या जागी. बरोबर?"

ओरिननं मान हलवली.

"बरोबर नाही," मी म्हणाले.

बाकावरून सासूबाई अर्धवट उठल्या. त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. पडद्यापलीकडची गाणीसुद्धा थांबल्यासारखी झाली.

"मला यांना एक विचारायचं आहे. मग म्हणाल तिथं हो म्हणते."

"थर्झाताई, बाहेर रांग..."

"रांगेला अनंतकाळ पडलाय." मी ओरिनचे हात सोडले नाहीत. "तुम्हाला मी हवी आहे का? हिशेब नको. हवी की नको, एवढंच सांगा."

एल्डर घसा खाकरायला लागले.

"हवी आहे," ओरिन म्हणाला. "पण मला आधीच एक दिली. आणि ईनॉकला तिथं कुणीच नाही, त्याची आई माझ्या चुलीपाशी बसलेली असते. तिच्यासमोर तुला मागायला मला तोंड नाही. मी रोज रात्री देवाला म्हणतो, हिनं स्वतःहून म्हणावं." आणि मग खरोखरच त्याच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं, आणि या वेळी तो मलाच बघत होता.

मला त्या पांढऱ्या खोलीत ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. "मग मी म्हणते," मी एल्डरांना सांगितलं. "ओरिन. ईनॉक नव्हे. ओरिन."

आणि मोहोर बसली. माझ्या नावाची, त्याच्या नावाची, काळ आणि अनंतकाळासाठी, आणि पोटातलं पोरही आमचं. मी हसत होते, ओरिन नाक पुसत होता, साक्षीदारांपैकी एक जण तर चक्क मिश्यांतून हसला.

मग मी बाकाकडे बघितलं. सासूबाई रडत नव्हत्या. त्या फक्त शालीच्या टोकाशी चाळा करत होत्या आणि एकदम लहान दिसत होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं हो पोरी. मी बाहेर थांबते."

"आई, ईनॉकसाठी रागावू नका."

"ईनॉक? तो बरा आहे. तो जिथं जाईल तिथं चार माणसं जमवील." त्यांचा आवाज फाटला. "मी कुणाची गं? तू ईनॉकची असतीस तर मी तिथं तुझी सासू असते. आता मी कोण?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई सकाळपासून लेकासाठी धडपडत नव्हती. ती मला धरून ठेवायला बघत होती.

"टॅबिथाबाई, तुमचे स्वतःचे यजमान..." एल्डर हळूच म्हणाले. "त्यांच्या नावानं मोहोर लावता येईल की."

"त्यांचं नाव नका काढू. प्रेस्टनमध्ये त्यांच्या हातचा जेवढा मार खाल्ला तेवढा बास झाला. अनंतकाळ नको मला त्यांचा."

ओरिन माझ्याकडे बघायला लागला. हा माणूस कधी स्वतःहून बोलत नाही, पण त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं आणि मला हसू आवरेना.

"एल्डर," मी म्हणाले, "माणसाला दोघी चालतात ना? मग तिसरी?"

"वेडी झालीस का काय?" सासूबाई म्हणाल्या. "मी याला मीठ कमी म्हणून शिव्या देते."

"बायका देतातच," ओरिन म्हणाला.

"माझं वय बघ बाबा."

"नाव तेवढं लावायचं, आई. खोली एकच आहे," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

एल्डर कॉलविनांनी कपाळाला हात लावला. सासू म्हणजे सवत, आणि मग ईनॉक त्या घरातला मुलगा धरला तर तो थर्झाताईंचा कोण, असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, ते पश्चिमेला नवं मंदिर झालं की निवांत बसून सोडवू. ते बाहेर जाऊन कुणाला तरी विचारून आले आणि म्हणाले, "चालेल. पण रीतीप्रमाणे हयात असलेल्या बायकोची संमती लागते. तिनं आपल्या हातानं नवीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा."

"देते की," मी म्हणाले. मला कोण आनंद झाला होता. एका फटक्यात सगळे जुळत होते, कुणीच सुटत नव्हतं, आणि ही युक्ती माझी होती.

सासूबाई वेदीपाशी गुडघे टेकताना कण्हल्या. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, त्यांचा सुरकुतलेला, थंडगार हात उचलला आणि ओरिनच्या हातात ठेवला. अजूनही मी हसत होते. एल्डरांनी सुरुवात केली. त्यांनी काळ आणि अनंतकाळासाठी म्हटलं. त्यांनी पत्नी म्हटलं. जे शब्द थोड्या वेळापूर्वी मला म्हटले होते तेच म्हटले, एकही कमी नाही, एकही गाळला नाही, म्हातारी आहे म्हणून पातळ केला नाही. ओरिननं हो म्हटलं. नीट, मनापासून म्हटलं, कारण त्याला अर्धवट काही म्हणताच येत नाही.

आणि माझं हसू कुठं गेलं मला कळलं नाही. साठीची बाई, माझी सासू, माझ्या सांगण्यावरून तिथं बसलेली, आणि मर्सीच्या वेळी न झालेला जळफळाट मला आता झाला. माझा हात अजून त्या दोघांच्या हातांवर होता. तो मी घट्ट दाबत होते, आणि ते देण्यासाठी की ओढून घेण्यासाठी, मला सांगता आलं नसतं. या शहरात किती जणींनी असा हात दिला होता, वीस वर्षांच्या पोरींचा हात, आणि घरी जाऊन जेवायला वाढलं होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे वर बघितलं. त्यांना सगळं दिसलं. नवरा काय असतो आणि त्याच्यापायी काय काय गिळावं लागतं, ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

"पोरी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हात सोडू का?"

एल्डर थांबले. ओरिन थांबला.

"नका सोडू," मी म्हणाले. पण ते म्हणायला मला वेळ लागला.